व्हॅलेरियन मिस्किटांचं इटालियन

व्हॅलेरियन मिस्किटांना इटालियन येत नाही, ही गोष्ट अख्ख्या कल्याणात एकाच माणसाला पक्की ठाऊक होती आणि तो माणूस म्हणजे खुद्द व्हॅलेरियन मिस्किटा. बाकीच्यांचा तर्क सरळ होता. पोप इटलीत राहतात. मिस्किटा कॅथलिक. दर रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये पहिल्या रांगेत उभे राहून गातात, नाताळात तर लॅटिनमधून गातात. तरुणपणी फादर व्हायचं म्हणून सेमिनरीतही राहून आलेले. (लॅटिनच्या परीक्षेच्या तोंडावर त्यांना कावीळ झाली आणि बरे होईपर्यंत थेल्मा भेटली, त्यामुळे चर्चचा एक फादर कमी झाला.) अशा माणसाला इटालियन येणार नाही तर काय कानडी येणार?

आता, 'मला इटालियन येतं' असं व्हॅलेरियन स्वतःच्या तोंडाने कधीही म्हणाले नव्हते. ते फक्त 'नाही' म्हणत नसत. कचेरीत कुणी परदेशी औषधाची बाटली आणून दाखवली, की ते चष्मा कपाळावर चढवून लेबल बारकाईने वाचत आणि म्हणत, "हं. पोटासाठी आहे." बहुतेक औषधं पोटासाठीच असतात, त्यामुळे ते फारसे कधी उघडे पडले नाहीत.

पडले ते १९८७च्या हिवाळ्यात, एका रविवारी, चर्चमधल्या मासहून परतल्यावर. त्या दिवशी घरात पाहुणे होते, आणि तेही साधेसुधे नव्हते. उत्तनचे लिनो आणि त्यांची बायको, थोरल्या मुलासाठी मिस्किटांच्या मुलीला, व्हिक्टोरियाला, मागणी घालायला आले होते. लिनो म्हणजे ताठ मानेचा, इस्त्रीच्या पँटचा माणूस. मुलगा बोटीवर नोकरीला. बोलण्यात दर दोन वाक्यांनी बोट येत होती. थेल्माने केक कापला होता, व्हिक्टोरिया खाली मान घालून चहा ओतत होती, शेजारच्या सरोजबाई कुणी बोलावलं नसतानाही 'साखर आहे का' विचारायला येऊन बसल्या होत्या, आणि अशा मंगल घटकेला दारात देवरामशेठ उभे राहिले.

देवरामशेठ म्हणजे शहाडच्या गुणवंती टॉकीजचे मालक. भाताचं शेत विकून त्यांनी मोहन्याच्या रस्त्याला पत्र्याचं थिएटर बांधलं होतं. कारखान्याची रात्रपाळी सुटली की माणसं थेट घरी न जाता तिथल्या मॉर्निंग शोला जात. तिथे कोणत्या प्रकारचे पिक्चर लागत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही माहीत नव्हतं.

"मिस्किटासाहेब," शेठ चपला काढत म्हणाले, "तुमच्यासारक्या शिकल्या माणसाकडं एक काम हाय. आपल्या टॉकीजला इटलीचा पिक्चर आणलाय." इथे त्यांची नजर पाहुण्यांवर गेली आणि त्यांनी तातडीने जोडलं, "सोशल. एकदम फॅमिली."

भानगड अशी होती. त्या पिक्चरच्या पोस्टरवरून मोहन्यातल्या सभ्य नागरिकांनी तक्रार केली होती. शेठने पोस्टरवरच्या बाईला डांबराने पोलका रंगवून दिला, तरी तक्रार गेलीच. करमणुकीचे परवाने बघणाऱ्या कचेरीत नवे साहेब आले होते. ते म्हणाले, "चित्रपट परभाषेतला आहे. त्यात माणसं काय बोलतात ते मला कळल्याशिवाय मी तो चांगला की वाईट कसं ठरवणार? भाषा जाणणारा माणूस आणा. तोवर खेळ बंद."

"आता इटलीची भाषा जाणनारा मानूस मी शहाडात कुठून आनू?" शेठ म्हणाले.

"अहो, हे आहेत की," सरोजबाई म्हणाल्या. "यांना अस्खलित येतं."

लिनोंनी चहाचा कप खाली ठेवला. "इटालियन येतं तुम्हाला? आमचा मुलगा जिनोव्हाला जाऊन आलाय बोटीने. तो म्हणतो, फार कठीण भाषा. बोलणारे हातांनीच जास्त बोलतात."

सगळ्या खोलीचं लक्ष व्हॅलेरियनवर. व्हिक्टोरियानेही मान वर केली. थेल्मा तर अशा नजरेने बघत होती, की तेवीस वर्षांच्या संसारात एकदा तरी खरं बोला. पण होणाऱ्या व्याह्यांसमोर 'मला येत नाही' म्हणणं फार अवघड असतं. त्यापेक्षा इटालियन शिकणं सोपं.

"थोडंफार," व्हॅलेरियन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून, गळ्याला मफलर गुंडाळून ते गुणवंतीला गेले. मफलर ओळख लपवायला होता. पण गुणवंतीच्या दारात मफलर गुंडाळलेला माणूसच सगळ्यांत आधी ओळखू येतो, कारण तिथे नवखे लोकच तसं करतात. शेठने त्यांच्या एकट्यासाठी खेळ लावला. मशीनवर धाकू होता. गळ्यात काळा दोरा घातलेला, सदा हसरा माणूस. गिऱ्हाइकांच्या सुखासाठी वाटेल ते करायची त्याची तयारी असे, आणि त्याचा हा सेवाभावच पुढे नडला.

व्हॅलेरियन मनाची तयारी करून बसले होते. जे दिसेल त्याकडे भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेने बघायचं, अगदीच असह्य झालं तर चष्मा पुसायचा. पण चष्मा पुसायची वेळच येईना. सेन्सॉरने आणि त्यानंतर वाटेतल्या आणखी कुणाकुणाच्या कात्र्यांनी त्या पिक्चरमधून जे काढायचं ते सगळं काढलं होतं आणि त्याच्या आजूबाजूचं काय ते ठेवलं होतं. हिरव्या झग्यातली बाई जिना चढते, खोलीचं दार उघडते, आत एक तरुण उभा असतो, तो शर्टाचं पहिलं बटण काढतो, आणि एकदम सगळे जण टेबलाभोवती बसून शेवया खातायत. पुन्हा ती बाई नदीकडे जाते, चपला काढून हातात घेते, आणि एकदम कुणाची तरी प्रेतयात्रा. माणसं दारं उघडत होती, गाड्यांतून उतरत होती, रडत होती आणि जेवत होती. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं तेवढंच नव्हतं.

पहिल्या अर्ध्या तासात व्हॅलेरियनना एकही शब्द कळला नाही. त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं. मग हळूहळू भीती मागे पडली आणि तिच्या जागी कुतूहल आलं. हा म्हातारा कोण? तो सारखा खिडकीतून बागेकडे का बघतो? प्रेतयात्रा कुणाची? हिरव्या झग्याची बाई आल्यावर स्वयंपाकीण तोंड का फिरवते? पिक्चर संपला तेव्हा ते उठले, मफलर काढून खुर्चीवर ठेवला आणि धाकूला म्हणाले, "पुन्हा लाव."

असे ते तीन दिवस जात राहिले. थेल्माला सांगितलं, क्वायरची जादा प्रॅक्टिस आहे. तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं उमगलं. म्हणजे, उमगलं असं त्यांना वाटलं, आणि माणसाला जे वाटतं त्याला उमगणं म्हणायची पद्धत आहे. ती हिरवी बाई विधवा होती. नवऱ्याच्या घरी परत आली होती. तो तरुण तिचा धाकटा दीर, आणि त्याने वाडी आपल्या नावावर करून घेतली होती. शर्टाचं बटण काढत होता ते भावाच्या मृत्यूचा ताप अंगात भरला म्हणून. म्हातारा सासरा. स्वयंपाकीण फितूर.

साहेब आले ते फाइल काखेत मारून. शेजारी व्हॅलेरियन बसले आणि हलक्या आवाजात सांगू लागले. सुरुवातीला 'ती आली', 'तो बसला' एवढंच. पण दीर दार लावून घेतो त्या जागी ते म्हणाले, "तो म्हणतोय, वहिनी, सातबाऱ्यावर तुझं नाव नाही," आणि साहेबांनी फाइल मांडीवर ठेवली.

"इटलीतही सातबारा असतो?"

"तसाच काहीतरी उतारा असतो, साहेब."

साहेबांचा मुरबाडला चुलतभावांशी बांधावरून वाद चालू होता, हे व्हॅलेरियनना माहीत असायचं काही कारण नव्हतं. साहेब पुढे सरकून बसले. शेवटी बाई एकटीच बॅग घेऊन रस्त्याने चालत जाते तेव्हा त्यांनी नाक शिंकरलं.

"मिस्किटा," ते दिवे लागल्यावर म्हणाले, "हा चित्रपट बायकांनी बघायला पाहिजे."

साहेबांचं मत असं पडलं, की चित्रपट बोधप्रद आहे, पण बोध परभाषेत आहे. तेव्हा दर खेळाला मिस्किटांनी उभं राहून अर्थ सांगावा, तरच परवानगी. आता यातून एक नवीन गाठ निघाली. माणूस उभा राहून सांगणार म्हणजे तो चित्रपट की कथाकथन? कचेरीतल्या लोकांनी डोकी खाजवून ठरवलं, की तो सांस्कृतिक कार्यक्रम. सांस्कृतिक कार्यक्रम म्हटला की माइकची वेगळी परवानगी आली, आणि साहेबांच्या मते दीपप्रज्वलनही आलं. सरोजबाईंनी घरची समई काढून दिली. तक्रारीच्या अर्जावर पहिली सही त्यांच्या मोहन्याच्या बहिणीची होती आणि दुसरी त्यांची, पण आता कार्यक्रम सांस्कृतिक झाल्यामुळे त्यांनी मन मोठं केलं.

अशा रीतीने डांबराच्या पोलक्यातल्या बाईच्या पोस्टरखाली समई पेटली आणि व्हॅलेरियन मिस्किटा माइक धरून उभे राहिले.

पहिल्या खेळाला रात्रपाळीची मंडळी आली. एकाने ओरडून विचारलं, "ओ मास्तर, खरा पिक्चर कदी चालू होनार?" अर्ध्यावर बरेच जण झोपले. पण जे जागे राहिले त्यांनी घरी जाऊन बायकांना वहिनीची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या आठवड्यात खाडीकडच्या कोळणी आल्या. पुढे आवडाबाई, मागे सगळ्या जणी, बाजारात जायच्या आधी मासळीच्या रिकाम्या पाट्या थिएटरच्या भिंतीला लावून. पायजमा-लुंगीवाल्या पब्लिकला पहिल्यांदा त्या टॉकीजमध्ये पाय पोटाशी घेऊन बसावं लागलं.

आवडाबाई म्हणजे सरळ प्रश्न विचारणारी बाई. अंधारातून तिचा आवाज येई, "मास्तर, त्या सासऱ्याचं तोंड शिवलंय काय? तो कां बोलत नाय?"

"तो मुका आहे," व्हॅलेरियन म्हणाले, आणि नेमका त्याच क्षणी सासरा पडद्यावर बोलू लागला.

"मुका होता," व्हॅलेरियन म्हणाले. "सुनेचे हाल बघून वाचा फुटली."

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

एकदा धाकूने रीळ मागेपुढे केलं आणि ज्याची प्रेतयात्रा झाली तोच माणूस गाडीतून उतरून शेवया खायला बसला. व्हॅलेरियननी पाण्याचा घोट घेतला आणि सांगितलं, की हा जुळा भाऊ, बोटीवर होता, आत्ताच जिनोव्हाला उतरला. पुढच्या खेळाला रिळं नीट लागली, तर आवडाबाई म्हणाली, "जुळा खय गेला? मना त्योच बरा वाटत होता." तेव्हापासून जुळा कायमचा ठेवावा लागला. सरोजबाईंनी तर खेळ सुटल्यावर सुचवलं, की वहिनीने सोळा सोमवार करावेत. "कॅथलिक आहे हो ती," व्हॅलेरियन कळवळून म्हणाले. "मग शुक्रवार करू दे," सरोजबाई म्हणाल्या, आणि त्यात तडजोड म्हणून वहिनी शुक्रवारी मटण सोडू लागली.

खरं सांगायचं तर व्हॅलेरियन सुखात होते. कचेरीत आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मजकुराखाली सह्या केल्या होत्या. इथे ते बोलत आणि पत्र्याखालची सगळी माणसं ऐकत. शिवाय दर खेळाला ते त्या बाईच्या तोंडाकडे बघत आणि त्यांना रोज नव्याने प्रश्न पडे, की ही नक्की काय म्हणत असेल? विशेषतः एक जागा होती. ती खिडकीपाशी बसून कुणाकडेही न बघता बराच वेळ बोलते. तिथे ते 'परमेश्वराला विनवते' असं सांगत, पण ते त्यांना स्वतःलाच पटत नसे.

थेल्माला हे कळलं ते पापलेट घेताना. आवडाबाई पाटी उतरवत म्हणाली, "बाय, तुजा नवरा काय गोड सांगतं गो. आमी समद्या रडताव."

"कुठे सांगतात?"

"गुणवंतीला. मॉर्निंग शोला."

थेल्माने पापलेट परत पाटीत ठेवला. संध्याकाळी व्हॅलेरियन घरी आले तेव्हा जेवण टेबलावर होतं आणि बायको नव्हती. ती आतल्या खोलीत व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या टॉवेलांवर भरतकाम करत बसली होती.

"क्वायरची प्रॅक्टिस," ती मान वर न करता म्हणाली.

"थेल्मा, तो फॅमिली पिक्चर आहे."

"पोस्टर बघून आले मी. त्यातली फॅमिली दिसली." टाका घट्ट ओढत ती म्हणाली, "आणि उत्तनला कळलं म्हणजे? बोटीवाल्या मुलाला सांगणार तुम्ही, की मी नागड्या बायकांच्या पिक्चरला माइक धरतो?"

"तिथे तसं काही उरलेलंच नाही गं. सगळं कापलंय."

"मग बघता काय?"

थेल्मा त्यांच्याशी पुढे आठवडाभर व्हिक्टोरियामार्फत बोलली.

उत्तनला कळलंच. पण कळलं ते भलतंच. शहाडला एका पवित्र विधवेच्या जीवनावर इटालियन चित्रपट लागलाय आणि आपले होणारे व्याही त्याचं निरूपण करतात, असं लिनोंच्या कानावर गेलं. ते बायकोला घेऊन यायला निघाले. तेच मिस्किटांच्या चर्चच्या फादरांच्या कानावर गेलं. त्यांच्याकडे त्या वेळी एक पाहुणे फादर उतरले होते. पांढरी दाढी, मराठवाड्यातल्या खेड्यांत अर्धं आयुष्य काढलेले, तिथली मराठी बोलणारे, आणि जन्माने इटलीचे. "फादरना आपल्या भाषेतला पिक्चर बघून किती वर्षं झाली असतील," असं म्हणत चर्चचे फादर त्यांनाही घेऊन निघाले. साहेब आपल्या चुलतभावांना घेऊन यायचे होते. हे सगळे एकाच शनिवारच्या खेळाला आले, हा व्हॅलेरियनच्या नशिबाचा काटेकोरपणा.

इटलीचे फादर दारातून आत येताना दिसले तेव्हा व्हॅलेरियन समई पेटवत होते. काडी बोटापर्यंत जळत आली तरी त्यांना कळलं नाही. पळून जाण्याचा विचार त्यांच्या मनात आला, पण दारात लिनो उभे होते आणि लिनोंच्या मागे, राखाडी साडी नेसून, थेल्मा. फादरच येतायत म्हटल्यावर तिलाही घरी बसवलं नव्हतं.

तिकडे वर मशीनच्या खोलीत धाकूने आपला सेवाभाव दाखवला होता. रात्रपाळीची मंडळी त्याला बरेच दिवस पिडत होती, की एवढं तिकीट काढून फक्त शेवया बघायच्या काय? म्हणून त्याने कुठूनसा एक तुकडा मिळवला होता. दुसऱ्याच पिक्चरचा, दुसऱ्याच बाईचा. तो फक्त पुरुषांच्या खेळाला घालायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण चिकटवला तो आजच्याच रिळाला.

पहिला अर्धा भाग सुरळीत गेला. फरक इतकाच, की व्हॅलेरियन प्रत्येक वाक्यानंतर इटलीच्या फादरांकडे बघत. फादर डोळे बारीक करून, पुढे वाकून ऐकत होते. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. व्हॅलेरियनची वाक्यं तोकडी होत गेली. "ती म्हणते, बरं." "तो म्हणतो, नाही." आवडाबाईने अंधारातून विचारलं, "मास्तर, आज घसा बसला काय?"

मग वहिनी नदीकडे गेली, चपला हातात घेतल्या, आणि प्रेतयात्रेऐवजी एकदम समुद्र आला. निळाशार समुद्र, पांढरी वाळू, आणि त्या वाळूवर एक भलतीच बाई. तिच्या अंगावर ऊन सोडून काहीही नव्हतं.

मागच्या बाकांवरून कुणीतरी समाधानाचा सुस्कारा सोडला.

व्हॅलेरियनच्या हातात माइक होता, आणि माइक हातात असलेल्या माणसाने गप्प राहायचं नसतं. "वहिनीची," ते म्हणाले, "प्रकृती ढासळली. डॉक्टरांनी हवापालट सांगितला."

"ही वहिनी नाय," आवडाबाई म्हणाली. "वयनीचे केस काले."

"आजारपणात केस पांढरे होतात."

"पिवले हायत."

"कावीळ," व्हॅलेरियन म्हणाले. या आजाराचा त्यांना अनुभव होता. "काविळीला सूर्यस्नान सांगतात. अंगावर कपडा चालत नाही."

तेवढ्यात वाळूवरून एक पुरुष चालत आला. उंच, पिळदार, आणि तोही त्याच पथ्यावर.

"डॉक्टर," व्हॅलेरियन क्षीण आवाजात म्हणाले.

"त्यालापन कावील?" आवडाबाईने विचारलं.

पुढे काय सांगायचं याचा विचार व्हॅलेरियनना करावा लागला नाही, कारण देवरामशेठ जिन्यावरून धडधडत वर पळाले आणि त्यांनी मशीनच्या काचेसमोर दोन्ही पंजे धरले. पडद्यावर पाच-पाच अंगठ्या घातलेली हातभर लांब बोटं नाचू लागली. बोटांच्या फटीतून मधूनच समुद्र दिसत होता. मग दिवे लागले.

कुणी उठलं नाही. साहेबांचे चुलतभाऊ खाली बघत होते, साहेब फाइलकडे. सरोजबाई समईकडे. लिनो उभे राहिले, पँटची घडी नीट केली आणि इटलीच्या फादरांकडे वळले.

"फादर, तुमची भाषा आहे. तुम्हीच सांगा. हे गृहस्थ सांगत होते ते बरोबर होतं का?"

व्हॅलेरियननी माइक बंद केला. व्हिक्टोरियाचं लग्न, कचेरीतलं नाव, क्वायरमधली पहिली रांग, सगळं आता त्या पांढऱ्या दाढीच्या हातात होतं. त्यांना एकदम हलकंही वाटलं. निदान आता खिडकीपाशी बसणाऱ्या त्या बाईचं बोलणं कळेल.

फादर सावकाश उभे राहिले. "म्या लई ध्यान देऊन ऐकलं," ते मराठवाडी मराठीत म्हणाले. "सुरुवातीपासून ऐकलं. मला येक शब्द कळला नाही."

"म्हणजे?" साहेब.

"ही इटालियन भाषा नव्हं."

देवरामशेठ जिन्यावरच थबकले. "फादर, मी इटलीचा म्हणून आनलाय. डब्यावर लिवलंय."

"डब्यावर लिहिलंय खरं. नावं बी आमच्याकडची लावलीत. शेवया बी आमच्यासारख्या खातेत, पन त्या बी मोडून खातेत. आमच्याकडं मोडत नाहीत." फादर विचार करत म्हणाले, "आमच्याकडच्या असल्या पिक्चरची कुणीतरी स्वस्तात नक्कल केली दिसतीय. कोन्या देशात, ते देव जाणे."

असल्या गोष्टीतही नकली माल निघावा याचं शेठना खरंच वाईट वाटलं. ते पायरीवर बसले.

साहेब मात्र व्हॅलेरियनकडे बघत होते. "मग तुम्ही अर्थ कसा सांगितलात?"

अशा वेळी माणूस काहीतरी सांगून सुटतो. व्हॅलेरियनना सुचतही होतं, की बोली वेगळी, दक्षिणेकडची वगैरे. पण त्यांनी थेल्माकडे पाहिलं आणि त्यांना थकवा आला. "साहेब, मला इटालियन येत नाही," ते म्हणाले. "मी त्यांच्या तोंडांकडे बघून सांगत होतो."

कुणी काही बोलायच्या आत आवडाबाई उठली. "तोंडाकडं बघूनच सांगतात ना? आमी बाजारात गिऱ्हाइकाचं तोंडच बघताव. तो परका साहेब आला, काय बोलतो कुनाला कलतं? पन घेनार का नाय ते कलतं." ती लिनोंकडे वळली. "आनि तुमी कां त्याला उभा केलाय? नागडी बाय त्यानं आनली काय?"

लिनोंना आयुष्यात कोळणीशी वाद घालून कुणी जिंकल्याचं आठवत नव्हतं. ते बसले. त्यांची बायको, जी साखरपुड्याची बोलणी झाल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती, तिने पदर सारखा करून विचारलं, "पण वाडी शेवटी कुणाला मिळाली?"

"वहिनीला," सगळ्या कोळणी एकदम म्हणाल्या.

लग्न मोडलं नाही. लिनोंनी एकच अट घातली, की रिसेप्शनला टोस्ट व्हॅलेरियननी बोलायचा नाही, आणि ती थेल्माने दोन्ही हातांनी मान्य केली. साहेबांची अडचण निराळी होती. भाषा कोणती ते कळेना, त्यामुळे परवानगी देता येईना आणि बंदीही घालता येईना. त्यांनी फाइल आणखी वरच्या साहेबांकडे पाठवली. ती तिथे बसली. धाकूला शेठने काढून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं, कारण मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हतं. पिक्चरचे डबे आठवड्याच्या शेवटी मुंबईला परत जायचे होते.

आदल्या दिवशी सकाळी व्हॅलेरियन दाढी करत असताना थेल्मा मागे येऊन उभी राहिली. "आज आहे ना तो शेवटचा?"

"आहे. मी जाणार नाहीये."

"मला बघायचाय," ती म्हणाली. "नीट. मध्ये कुणी बोलल्याशिवाय."

ते दोघं गेले. समई नव्हती, माइक नव्हता. मागे रात्रपाळीचे चारदोन जण आडवे झाले होते. कोळणी बाजारात गेल्या होत्या. तुकडा शेठने स्वतः कापून काढला होता. व्हॅलेरियनच्या जिभेवर वाक्यं येत होती आणि ते ती गिळत होते. एकदा 'हा जुळा' एवढं निसटलंच, तर थेल्माने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गप बसा. बघू द्या."

मग ती जागा आली. बाई खिडकीपाशी बसली आणि कुणाकडे न बघता बोलू लागली. थेल्मा पुढे वाकली होती. पडद्याचा उजेड तिच्या चष्म्यावर पडला होता. बाईचं बोलणं संपलं तरी ती तशीच बसून राहिली.

"मुलीबद्दल बोलतेय," ती हळूच म्हणाली.

"कुणाच्या मुलीबद्दल?" व्हॅलेरियन कुजबुजले. "अगं, यात मुलगी नाहीच आहे. मी कितीतरी वेळा बघितलाय."

"कापलेल्या भागात असेल," थेल्मा म्हणाली.

व्हॅलेरियननी पडद्याकडे पाहिलं. बाई उठली होती. दार उघडून ती खाली जात होती, आणि जिन्यात थांबून तिने एकदा मागे वळून वरच्या खोलीकडे बघितलं. ते इतक्या दिवसांत त्यांनी पाहिलंच नव्हतं.